राऊटर निर्दोष होता

आमच्या धंद्यात कोणाचंही काहीही बिघडलं तरी शिव्या राऊटरला पडतात. टीव्हीवर मालिका अडकली, राऊटर. पोराचा निकाल उघडेना, राऊटर. एकदा भुईगावच्या एका आजोबांनी सकाळी सात वाजता फोन करून मला सांगितलं की तुमच्या राऊटरपायी आमच्या फ्रिजमधलं दूध नासलं. मी गेले. घरात वीजच नव्हती. तसं सांगितलं तर आजोबा म्हणाले, "हां, पण राऊटरचा दिवा पण बंद आहे ना!"

मी वसईचीच. खाडीकाठच्या शेतकरी घरातली. माहेरी अजून भात लावतात आणि मी नक्की काय काम करते हे आईला आजतागायत कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, "केबलचा कायतरी करते." इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांत शिड्या चढले आणि मग माणिकपूरला एका भागीदाराबरोबर स्वतःची छोटी इंटरनेट सेवा काढली. मोठ्या कंपनीकडून घाऊक नेट घ्यायचं आणि काचेच्या धाग्यातून, प्रकाशाच्या रूपात, घरोघरी पोचवायचं, एवढंच काम. सांगायला दोन ओळी लागतात, करताना कंबरडं मोडतं. भागीदार मूळचा देशावरचा, मुंबईत वीस वर्षं नोकरी करून वसईत फ्लॅट घेऊन राहिलेला. परवाने, कागद आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे त्याच्याकडे. मशीन माझ्याकडे. गोड बोलायचं मला जमत नाही, आणि जमवायचा प्रयत्नही मी कधी केला नाही.

कोणाच्याही दारात गेले की माणसं दार उघडतात आणि माझ्या खांद्यावरून मागे बघतात. "माणूस कुठाय?" मी म्हणते, "माणूस नाही आला, बाईच आलीय. चालेल, की जाऊ परत?" मग चालतं. बाईने शिडी लावली की खालून चार जण मार्गदर्शन करायला जमतात, त्यातल्या एकालाही शिडी धरायचं सुचत नाही.

आणि लोक राऊटर ठेवतात कुठे! ख्रिस्ती घरात तो वेदीवर क्रूसाच्या पायाशी असतो आणि त्याच्यावर क्रोशाचा सुंदर रुमाल. आत बिचारा उकडून मरतोय. हिंदू घरात तो देव्हाऱ्याशेजारी, हवेच्या भोकांत हळदकुंकू. दसऱ्याला झेंडूचा हार. मी एका काकूंना म्हटलं, "काकू, याला वारा लागतो." काकू म्हणाल्या, "अगं, देवासमोर आहे, काही होत नाही." तिसऱ्या दिवशी झालं. तर फोनवर मला काय ऐकवलं? तुमचा डबाच हलका आहे!

हा झाला घरातला डबा. ऑफिसातला मोठा राऊटर वेगळा. तो सगळ्यांचा बाप. तो झोपला की माणिकपूरपासून पाचूबंदरपर्यंत सगळ्यांचं नेट एकदम जातं आणि माझा फोन हातात धरवत नाही. हा मोठा राऊटर कोणता घ्यायचा यावरून माझी आणि भागीदाराची जी भांडणं झाली, तेवढी मी नवऱ्याशीही केलेली नाहीत. भागीदाराला हवा होता नवाकोरा, खोक्यातला, वॉरंटीच्या कागदासकट. छोटा, देखणा, पुढे निळे दिवे. मला हवा होता जुना पण दांडगा. मुंबईतल्या एका बड्या ऑफिसातून निघालेला, तिप्पट ताकदीचा, आणि वीज गेली तर आपोआप दुसऱ्या सप्लायवर जाणारा. दिसायला कुरूप. आवाज असा की ऑफिसात पिठाची गिरण चालू आहे असं वाटावं. मी म्हटलं, "घोडा घेताना दात बघतात, शेपटीला रिबीन बांधलीय का हे नाही बघत." भागीदार म्हणाला, "मॅडम, दात बघितले तर म्हातारा आहे तो." पण मशीन माझ्याकडे, म्हणून शब्द माझा. गिरण आली. दीड वर्षं एकदाही बसली नाही. मी येता-जाता तिच्यावरची धूळ पुसायचे. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्या बाबतीत अगदी खरं होतं.

त्यातच पाऊस संपता संपता पाचूबंदरहून एका मुलीचा फोन आला.

पाचूबंदर म्हणजे किल्ल्याशेजारची कोळ्यांची वस्ती. धक्का, होड्या, सकाळचा मासळीचा लिलाव आणि मागे दाटीवाटीची घरं. तिथल्या एका गल्लीत आमचं कनेक्शन होतं, आठ घरं. ही मुलगी त्यातल्या एका घरातली. बावीस-तेवीसची, नुकतीच घरबसल्या कामाला लागलेली. कुठल्याशा मोठ्या कंपनीसाठी गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, हे तिचं काम. त्यामुळे स्वतःची तक्रारही ती त्याच सुरात करायची. "नमस्कार मॅडम, आपला मौल्यवान वेळ घेते. आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझी सेवा पुन्हा खंडित झाली. आपण यात लक्ष घालाल अशी आशा करते." मला शिव्या खायची सवय. इतक्या सभ्यपणे कोणी बोललं की मला गुदमरायला होतं.

मी पहिल्याच फोनला विचारलं, "जाऊन जाऊन किती वेळ जातं?" ती म्हणाली, "मॅडम, कधी पाच मिनिटं, कधी दुपारपर्यंत. पण मला पाच मिनिटंही पुरतात." मग तिचा आवाज जरा खाली आला आणि तिने सरळ सांगितलं. तीन महिने पारखून बघणार आणि मग कायम करणार. कामाच्या वेळात नेट गेलं आणि गिऱ्हाइकाचा फोन तुटला की एक ताकीद. तीन ताकिदी झाल्या की घरी. घरातच होती म्हणा, पण कळलं तुम्हाला. मोबाईलचं नेट चालत नव्हतं, कंपनीची अट वायरच्याच नेटची होती. एक ताकीद तिला मिळून चुकली होती.

मी संध्याकाळी गेले. दारातच तिची आई. वडील वारलेले, घर या बाईच्या मासळीच्या पाटीवर चाललेलं. पहाटे धक्क्यावर, घरी येऊन थोड्या मासळीचं खारवण-सुकवण, मग पाटी घेऊन माणिकपूरच्या बाजारात. आवाज समुद्रापलीकडे जाईल असा. "काय गो बाय, तुजा डबा आज पन मेला का? परवा मेला, आज मेला. याचा बारावा तरी घाल एकदाचा!" मी म्हटलं, "मावशी, आधी बघू तर द्या." ती म्हणाली, "बग बग. तू बगतेस आनि तो मरतोय."

मी तपासलं. आमच्याकडे एक छोटं मीटर असतं, धागा काढून त्यात खुपसला की किती प्रकाश पोचतोय तो आकडा दाखवतं. वजा एकोणीस असलं की झकास, वजा सत्तावीसच्या पलीकडे गेलं की घरातला डबा आंधळा. तिच्याकडे वजा एकोणीस. झकास. घरातला डबा बदलला तरीही. दोन दिवसांनी परत फोन. परत गेले, परत एकोणीस. तिसऱ्यांदा गेले, परत एकोणीस. दर वेळी संध्याकाळी सहानंतर, कारण धागा उपसल्याशिवाय मोजता येत नाही आणि शिफ्ट चालू असताना ती मुलगी धाग्याला हात लावू देत नव्हती. बरोबरच होतं तिचं. डॉक्टरने रोज ताप उतरल्यावर यायचं आणि पेशंट ठणठणीत आहे म्हणायचं, असा माझा कारभार चालला होता, आणि मला ते दिसत नव्हतं.

दिसत नव्हतं कारण ऑफिसात भांडण वेगळंच पेटलं होतं. भागीदाराला संधी मिळाली. "मॅडम, लाईन चांगली, घरातला डबा नवा. मग उरलं काय? तुमची गिरण." मी म्हटलं, "गिरण बिघडली असती तर सगळ्या वसईने बोंब मारली असती." तो म्हणाला, "दिवसा गल्लीत नेट लागतं कोणाला? पुरुष होडीवर, बाया बाजारात. त्या एकट्या मुलीला लागतं, म्हणून तिलाच कळतं. बाकीकडेही जात असेल, कोण बघतंय!" मुद्दा तसा बिनतोड नव्हता, पण मला चटकन खोडताही येईना. मग मी गिरणीचे आलेख काढले, ताण किती, तापमान किती, तास न् तास डोळे फोडून बघितले. त्यानेही तेच आलेख काढले. मी निर्दोष ठरवायला, तो दोषी ठरवायला. भांडण राऊटरचं होतं म्हणून आम्ही दोघंही फक्त राऊटरच बघत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोघांनी मिळून.

दुसरी ताकीद आली. मुलीने फोन केला तेव्हा सूर तोच सभ्य, पण शेवटी म्हणाली, "मॅडम, आता एकच उरलीय." आणि ठेवला. तिच्या आईचा गुडघा गेलेला होता, पाटी डोक्यावर घेऊन जिना उतरताना ती एकेक पायरी थांबत उतरायची, मी बघितलं होतं. मुलगी कायम झाली की आईने बाजार बंद करायचा, असं घरात ठरलं होतं. म्हणजे मुलीने ठरवलं होतं. आई म्हणायची, "तुज्या त्या हेलो हेलोवर घर चालतंय व्हय?" आणि रोज दोघींची जुंपायची.

भागीदाराने मला न विचारता नवा राऊटर आणला. निळ्या दिव्यांचा. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "शनिवारी पहाटे बदलू. कोणाच्या पोटावर पाय देऊन आपला हट्ट चालवायचा नाही, मॅडम." त्या वाक्याने माझं टाळकं सरकलं. हा मला शिकवणार! तो दिवस बुधवार होता. मी म्हटलं, गुरुवारचा अख्खा दिवस माझा. गिरण निर्दोष आहे हे उद्या सिद्ध नाही केलं तर शनिवारी माझ्या हाताने तिची वायर काढते.

गुरुवारी सकाळी नऊला मी पाचूबंदरला हजर. त्या गल्लीत तिच्या घराच्या कोपऱ्यावर आमची एक पेटी भिंतीला ठोकलेली आहे. मागून एक धागा पेटीत येतो आणि तिथून आठ घरांना वाटला जातो. पेटीत दोनचार तोंडं मोकळी होती. त्यातल्या एकात मीटर लावलं की कोणाचंही नेट न तोडता, किती प्रकाश येतोय ते दिवसभर बघत बसता येतं. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पोरसवदा शिकाऊ माणसालाही सुचलं असतं. पण मी लाईनीकडे बघतच नव्हते ना, मी माझ्या बाळ्याची वकिली करत होते. मीटर लावलं. वजा एकोणीस. शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची मागून घेतली आणि बसले. आतून मुलीचा आवाज येत होता, "आपली गैरसोय मी समजू शकते, सर."

दहा वाजून गेल्यावर तिची आई बाहेर आली. त्या दिवशी बाजारात जायची नव्हती, गुडघा सुजला होता. हातात टोपली, टोपलीत ताजे बोंबील. मला बघून म्हणाली, "आज खुर्ची टाकून बसलीस? जेवायला पन हाय का हितंच?" आणि टोपली खाली ठेवून बोंबील वाळत घालायला लागली.

आता बोंबील वाळत घालतात कसे, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण सांगते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. विकायचे असतील तर किनाऱ्यावर बांबूंच्या लांबच लांब रांगांवर घालतात, घरी खायचे असतील तर घराजवळच कुठेतरी. संध्याकाळी दव पडायच्या आणि मांजरं फिरायच्या आधी आत घ्यायचे.

तिने पहिली जोडी टाकली आणि मीटरचा आकडा हलला.

मी वर बघितलं. ती दोरी नव्हती. ती माझी वायर होती.

मागच्या पावसाळ्यात, घाईत, मी स्वतःच्या हाताने पेटीपर्यंत ओढलेली वायर. शेजारच्याने भिंतीला वर हूक मारू दिला नाही, म्हणून खालून घेतली. हात वर केला की पोचेल अशा उंचीवर, आणि कोपऱ्यावर पत्र्याच्या कडेवरून वळवून खिळ्याला बांधली. "नंतर नीट करू" असं म्हणाले होते. आमच्या धंद्यात नंतर कधी येत नाही. काचेचा धागा जास्त वाकला की त्यातला प्रकाश वाकणीवरच बाहेर सांडतो. वायरवर वजन आलं की ती पत्र्याच्या कडेवर करकचून वाकत होती, आणि उन्हात बोंबील वाळून हलके झाले की परत सुटत होती. म्हणजे बघा, जन्म वसईत गेला, आणि कोळीवाड्यात दोन घरांच्या मधोमध, हाताच्या उंचीवर, मस्त उन्हात दोरी बांधायची आणि तिच्यावर बोंबील येणार नाहीत असं समजायचं! हा मूर्खपणा करायला बाहेरून कोणी तज्ज्ञ बोलवावा लागला नाही.

दुसरी जोडी. वजा वीस. तिसरी. वजा एकवीस. मला असला आनंद झाला म्हणून सांगू! गिरण सुटली! माझा बाळ्या निर्दोष! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होता तो देशावरचा शहाणा. मी मोबाईल काढला आणि मीटरचं चित्रण करायला लागले. एका चौकटीत मीटरही आणि मागे बोंबीलही, म्हणजे नंतर कोणी तोंड उघडायला नको. चौथी जोडी. वजा बावीस. पाचवी. वजा चोवीस. मला माहीत होतं सत्तावीसला काय होतं. वसईत ते माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आत मुलगी बोलत होती. पण चोवीसवर भागीदार म्हणाला असता, "चोवीसला नेट चालतं, मॅडम." मला तुटलेलं हवं होतं. सहावी जोडी. वजा सव्वीस. आईने सातवी जोडी गुंफली, हात वर केला, आणि मी चित्रण चालू ठेवलं.

वजा एकोणतीस.

आतून आवाज आला, "हॅलो? सर? सर, आवाज येतोय का माझा? हॅलो?"

तेव्हा मी ओरडले, "मावशी, थांबा! काढा, काढा ते!" आणि दोन्ही हातांनी बोंबील ओढायला लागले. आई चिडली. "आगो वेडी झालीस का? बोंबील हायत, साप नाय!" मी धापा टाकत तिला सांगितलं. ही वायर. हिच्यातून नेट जातं. वजनाने वाकते. म्हणून तुटतं. रोज. बोंबलांनी.

तिने वर वायरकडे बघितलं, मग हातातल्या बोंबलाकडे. मग हळूच म्हणाली, "म्हंजे... मीच?"

मी विचारलं, "आधी कुठे घालायचात?"

"खिडकीसमोर दोरी व्हती ना. पन पोरगी कामाला बसली ना, तर तिच्या मागं त्या क्यामेऱ्यात लोंबताना दिसायचे. तिचा सायेब हसला म्हने. ती बोलली काय नाय. पन मला कळला ना. मंग मी दोरी सोडली आनि हितं आनले." तिने हातातला बोंबील टोपलीत टाकला आणि पदराला हात पुसत राहिली. "तिला सांगू नको गो बाय. माज्यावर आदीच राग हाय तिचा. सांगू नको."

इतकी वर्षं मशीनशी बोलले, त्यांना लाज बिज नसते.

मुलगी बाहेर आली. तिने आम्हा दोघींकडे बघितलं, टोपलीकडे नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. त्याच सुरात म्हणाली, "आपण केलेल्या प्रयत्नांबद्दल धन्यवाद, मॅडम. आत्ताच मेल आला. तिसरी झाली." आणि पायरीवर बसली.

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "राऊटर. आमच्या ऑफिसातला. भंगार निघाला. माझी चूक. मीच घेतला होता."

आयुष्यात "माझी चूक" हे शब्द मी इतक्या पटकन कधी म्हटले नव्हते. भागीदार तिथे असता तर खुर्चीवरून पडला असता.

ऑफिसात गेले आणि त्याला सांगितलं की तूच बरोबर, गिरणीतच दोष होता, पटकन पत्र लिही त्या मुलीच्या कंपनीला. त्याने कारण विचारलं नाही. जिंकलेला माणूस कारणं विचारत नाही. लेटरहेड काढलं आणि चवीचवीने लिहिलं, "आमच्या मुख्य राऊटरमधील गंभीर दोषामुळे". मी म्हटलं, गंभीर कशाला? तो म्हणाला, "परिणाम पडतो, मॅडम." खाली तांत्रिक जबाबदार म्हणून सही माझी. मग त्याने तिच्या साहेबाला फोन लावून अर्धा तास गोड बोलून घेतलं, आणि ते तो काय सुंदर बोलतो, बाप रे. पहिल्यांदा मला त्याचा हेवा वाटला. संध्याकाळी उत्तर आलं. बिघाड सेवा देणाऱ्याचा असल्याने शेवटची ताकीद मागे, एक महिना आणखी बघू.

शुक्रवारी मी ती वायर उपटून वर घेतली, चांगल्या क्लिपा मारून, नीट गोलाई देऊन. शेजारच्याशी असं भांडले की हूक काय, तो भिंतसुद्धा देऊन टाकता. शिडी आईने धरली. वायरच्या जागी मी तिला एक साधी नायलॉनची दोरी बांधून दिली, कॅमेऱ्यात न येणारी. शनिवारी पहाटे ठरल्याप्रमाणे गिरण बंद केली. आवाज थांबला तेव्हा ऑफिस एकदम परकं वाटलं. सोमवारी भंगारवाला तिला हातगाडीवर घालून घेऊन गेला. मी मशीनसाठी रडणाऱ्यातली नाही, पण वाईट वाटलं. निळ्या दिव्यांचा नवा आला, तोही बरा चालतो, खोटं कशाला बोलू. भागीदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "पाचूबंदरचा प्रॉब्लेम? राऊटर बदलला, सुटला." मी मान डोलावते. मोबाईलमधलं ते चित्रण मी त्याच दिवशी पुसून टाकलं.

मुलगी कायम झाली. महिन्याभराने त्या गल्लीत दुसऱ्या घराच्या कामाला गेले होते, तर तिने हाक मारून आत बसवलं. चहा केला. आता ती माझ्याशी साध्या आवाजात बोलत होती. आई कोपऱ्यात बसून मासळी साफ करत होती. बाजार बंद झाला नव्हता, फक्त आठवड्याचे दोन दिवस कमी झाले होते, आणि त्यावरून दोघींची नुकतीच जुंपून गेली असावी, कारण मुलगी मला म्हणाली, "ताई, खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही माझी चूक म्हणालात ना, मला फार बरं वाटलं. लोकांना जमत नाही हो. आमच्या आईला तर जन्मात जमणार नाही."

आईची सुरी थांबली. मान वर न करता ती म्हणाली, "हो ना. बाय चांगली हाय. डबा भंगार व्हता." आणि परत साफ करायला लागली.

मी चहा संपवला. ती बिचारी समजते की पोरीची नोकरी तिच्या बोंबलांनी घालवली होती आणि मी तिला वाचवलं. पहिल्या जोडीला आकडा हलला तेव्हाच मला सगळं कळलं होतं, आणि मी सातवीपर्यंत मोजत बसले होते, हे मी तिला त्या दिवशीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.